डोळ्याखालचं काळं आणि सूज : मेडिकलच्या काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत माझं मेडिकल आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते म्हणजे पुढं घोळ नको. दिवसातनं एकदा तरी कुणीतरी येतंच, "ताई डोळ्याखालचं काळं जायला एखादी चांगली क्रीम द्या ना" म्हणून, आणि मी उलट दोन-चार प्रश्न विचारले की बऱ्याच जणांचा चेहरा पडतो, कारण त्यांना ट्यूब हवी असते, प्रश्न नको असतात. पण दहा जणांच्या डोळ्याखालचं काळं दहा कारणांनी असू शकतं, आणि कारण न बघता क्रीम घेतली तर पैसे जातात आणि कधी कधी चेहरा पण जातो. म्हणून नेहमीचे प्रश्न इथं एकत्र लिहून ठेवतेय.

डोळ्याखाली काळं येतं म्हणजे नक्की होतं काय?

डोळ्याभोवतीची कातडी अख्ख्या अंगातली सगळ्यात पातळ, साधारण अर्धा मिलिमीटर, आणि तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतोच. त्यामुळं आत जे काही आहे ते वर दिसतं. काहींच्या कातडीतच रंगद्रव्य जास्त असतं, मेलॅनिन म्हणतो ते, त्यांचं काळं तपकिरी दिसतं. काहींचं निळसर जांभळट दिसतं, ते खालच्या रक्तवाहिन्यांमुळं. काहींच्या डोळ्याखाली खळगा असतो किंवा पिशवी आलेली असते आणि तिची नुसती सावली पडते, तिथं कातडीचा रंग नॉर्मलच असतो. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडं जास्त करून मिक्सच सापडतं, थोडं हे थोडं ते.

माझं कुठल्या प्रकारचं आहे ते घरी कळेल का?

बऱ्यापैकी कळतं. दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ आरसा घेऊन बसा, बाथरूमच्या लाइटखाली नको, तिथं वरनं प्रकाश पडतो आणि सगळ्यांचेच डोळे खोल दिसतात. आता बोटानं खालची कातडी हलकेच बाजूला ताणा. तपकिरी रंग तसाच राहिला तर ते कातडीतलं पिगमेंट आहे. ताणल्यावर निळं जांभळं अजून ठळक झालं तर रक्तवाहिन्यांचं. मग हनुवटी वर करून तोंडावर सरळ उजेड घ्या, तेवढ्यानंच काळं बरंचसं गायब झालं तर ती सावली होती.

सुजेसाठी वेगळी युक्ती आहे. मान न हलवता फक्त डोळे वर करून छताकडं बघा. पिशवी अजून फुगून पुढं आली तर ती आतली चरबी असण्याची शक्यता जास्त. काहीच फरक पडला नाही आणि सकाळी जास्त, संध्याकाळी कमी असं होत असेल तर ते पाणी आहे. सकाळी उठल्या उठल्या एक फोटो आणि संध्याकाळी त्याच जागी एक फोटो असं आठवडाभर काढून ठेवा, फिल्टर लावू नका. डॉक्टरांकडं गेलात तर तोंडी सांगण्यापेक्षा ते फोटो लई उपयोगी पडतात.

मी रोज आठ तास झोपते तरी काळं का?

कारण झोप हे एकच कारण नाही, पण सगळे तेवढंच धरून बसतात. झोप कमी झाली की चेहरा फिका पडतो, डोळ्याखालच्या शिरा उठून दिसतात, थोडं पाणी साचतं, म्हणजे आधीचं असतं ते जास्त दिसतं. दोन-तीन रात्री चांगली झोप काढून जे जातं तेवढंच झोपेचं होतं. जे उरलं त्याचं कारण वेगळं शोधायचं.

आमच्या घरात आईला, मावशीला, मला, सगळ्यांनाच आहे. जाईल का?

घराण्यातच असेल, लहानपणापासूनचे फोटो काढून बघितले तर त्यातही दिसत असेल, वरच्या पापणीवर पण असेल, तर ते पूर्णपणे जाणार नाही. उन्हापासून जपलं, चोळायचं बंद केलं आणि डॉक्टरांनी दिलेलं नीट लावलं तर फिकं होतं, आणि फिकं होणं हे पण चांगलंच आहे.

इथं मला एक बोलायचंय. बघायचा कार्यक्रम ठरला की आई मुलीला घेऊन येते आणि मुलीसमोरच म्हणते, "हिचं हे काळं तेवढं घालवा, बाकी पोरगी चांगली आहे". अहो ती पोरगी खाली मान घालून उभी असते. आपल्या रंगाच्या लोकांमध्ये डोळ्याभोवती थोडी गडद छटा असणं अगदी नेहमीचं आहे, त्याला आजार म्हणायचं कारण नाही आणि तिच्यात काही उणं आहे असंही नाही. तिला स्वतःला उपचार करायचे असले तर जरूर करा, पण तिला विचारून.

सकाळी डोळे टम्म असतात आणि दुपारपर्यंत उतरतात. हे काय?

रात्रभर आडवं झोपल्यावर अंगातलं पाणी तोंडाकडं सरकतं आणि पापण्यांची कातडी सैल असल्यामुळं तिथं पटकन साचतं. उठून हिंडायला लागलं की उतरतं. रात्री खारट खाल्लं असेल, रडलं असेल, पालथं झोपलं असेल, दारू घेतली असेल तर जास्त.

मिठाकडं जरा बघा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, त्यात भाजी आमटी भाकरी सगळं आलं. आणि आपण संध्याकाळी चहाबरोबर भडंगाची प्लेट, रात्री जेवताना पापड, लोणचं, वर ताकात मीठ असं चालू ठेवतो. भडंग खाऊ नका असं मी म्हणणार नाही, सांगलीत राहून कोण ऐकणार आहे, पण रात्री नऊनंतर खारट बंद करून बघा, आठवडाभरात आरशात फरक दिसला तर उत्तर मिळालंच.

बाकी उशी थोडी उंच घ्या. सकाळी गार पाण्यात बुडवून पिळलेलं मऊ कापड पाच-दहा मिनिटं डोळ्यावर ठेवा. फ्रीजमधला चमचा पण चालतो. बर्फ थेट कातडीवर घासू नका, ती कातडी तेवढी सोसत नाही.

माझी पिशवी दिवसभर तशीच असते, गार चमच्यानं काही होत नाही.

मग ती बहुतेक चरबी आहे. डोळ्याच्या खोबणीत डोळ्याला आधार म्हणून चरबी असते, वयाबरोबर तिला धरून ठेवणारा पडदा सैल होतो आणि ती पुढं येते. काहींना घराण्यामुळं पंचविशी-तिशीतच येते. यावर कुठलीही क्रीम, रोलर, पॅच काम करत नाही, मी विकते तेही नाही. जायचीच असेल तर ऑपरेशन, त्याचं खाली लिहिलंय. नाही केलं तरी तब्येतीला काही धोका नाही.

डोळ्याला सारखी खाज येते, शिंका येतात आणि डोळ्याखाली काळं पण आहे. संबंध आहे का?

आहे, आणि हे कारण सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं असं मला वाटतं. ॲलर्जीनं नाक चोंदलं की डोळ्याखालच्या शिरांमधलं रक्त नीट पुढं जात नाही, तिथं साचतं, म्हणून निळसर काळं दिसतं. त्यात खाज येते म्हणून आपण तळहातानं डोळे चोळतो, आणि रोज चोळून चोळून कातडी जाड आणि काळी होते. लहान मुलांच्या डोळ्याखाली काळं दिसलं तर बहुतेक वेळा हेच निघतं, आणि आई बिचारी त्याला बदाम भरवत असते.

आपल्या भागात ॲलर्जीला कारणं भरपूर. पावसाळ्यात आणि त्यानंतर रिकाम्या प्लॉटवर, बांधावर गाजरगवत कमरेएवढं वाढतं, त्याची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या पापण्या, मानेच्या घड्या, कोपराच्या खाचा सुजून काळ्या जाड होतात, हात न लावता नुसत्या हवेतल्या कणांनी पण. शेतात जाणाऱ्या, साठीच्या आसपासच्या पुरुषांत हे बऱ्याचदा दिसतं आणि ते "ऊन लागलं" म्हणून सोडून देतात. मग ऊस तोडणीचा सीझन, पाचट पेटवलं की धूर. घरात धूळ, जुन्या गाद्या, उदबत्ती.

तासगाव, पलूस, मिरजेकडच्या द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायकांना मी खास सांगते. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या चालू असतात, मग थिनिंग म्हणजे घडातले मणी विरळ करणं, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं. दिवसभर हात त्या घडांना आणि औषधांना लागलेले, आणि घाम आला की त्याच हाताच्या मागच्या बाजूनं डोळा पुसायचा. संध्याकाळपर्यंत पापण्या लाल आणि खडबडीत. हातमोजे घाला, आणि कमरेला एक धुतलेला रुमाल वेगळा खोचून ठेवा, डोळा त्यानंच पुसायचा. घरी गेल्यावर भाकरी थापायच्या आधी हात आणि तोंड साबणानं धुवायचं. एवढ्यानं पण बराच आराम पडतो.

औषधाचं म्हणाल तर ॲलर्जीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, काही गोळ्यांनी झोप येते, गाडी चालवणाऱ्यांनी ते सांगून घ्यावं. आणि डोळ्यात घालायचे थेंब शेजारणीचे उरलेले वापरू नका. खाजेवर लगेच आराम देणाऱ्या काही थेंबांत स्टेरॉइड असतं, महिनोन्महिने घातलं की डोळ्यातलं प्रेशर वाढून नजर जाऊ शकते.

केसांना डाय लावला आणि दुसऱ्या दिवशी डोळे उघडेनात!

डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाची ॲलर्जी. डाय लावला डोक्याला पण सूज येते पापण्यांवर, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही. पुढच्या वेळी अजून जोरात येते, त्यामुळं तो डाय कायमचा बंद. "काळी मेहंदी" म्हणून मिळते तिच्यात पण बऱ्याचदा हेच असतं, नुसत्या मेहंदीचा रंग काळा येत नाही. नवीन डाय घेतला तर कानामागं थोडा लावून 48 तास बघायचं आणि मगच डोक्याला. नेलपॉलिशच्या ॲलर्जीचं पण तसंच, नखाला काही होत नाही, पापणीला पुरळ येतं.

पेनकिलर घेतली की डोळे सुजतात, हे होऊ शकतं का?

होऊ शकतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन अशा गोळ्यांनी काहींच्या पापण्या आणि ओठ तासा-दोन तासात सुजतात. गोळीचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला, प्रत्येक मेडिकलवाल्याला दाखवा. सुजेबरोबर श्वासाला त्रास, आवाज बसणं, चक्कर असं काही झालं तर घरी थांबायचं नाही, सरळ कॅज्युअल्टी.

रक्त कमी असलं की डोळ्याखाली काळं येतं म्हणतात, खरंय?

रक्त कमी झालं की चेहरा फिकट होतो आणि त्या फिकटपणात डोळ्याखालचं गडद जास्त दिसतं, असं धरा. पण तपासून घ्याच, कारण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत ॲनिमिया निघालाय. सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी आहे. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असलं तर कमी. चालताना दम लागतो, पाळीला जास्त जातं, माती किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते असं असेल तर क्रीमचा विचार बाजूला ठेवून आधी हे करा.

लोहाची गोळी चालू केली तर एक लक्षात ठेवा, तिच्यावर लगेच चहा प्यायचा नाही, चहामुळं लोह अंगाला लागत नाही. दोन तासांचं अंतर ठेवा आणि लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. शौचाला काळं होतं, घाबरू नका, त्यानंच होतं ते.

डोळ्याची सूज म्हणजे किडनीचा आजार असतो का?

प्रत्येक वेळी नाही, पण कधी कधी पहिली खूण तीच असते. लहान मूल सकाळी उठलं की डोळे सुजलेले, लघवीला साबणासारखा फेस, लघवी कमी, पाय किंवा पोट फुगलंय, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या. "झोपेची सूज आहे" म्हणत आठवडा घालवू नका. मोठ्यांनी पण पायावर बोट दाबून खड्डा राहतोय का बघावं.

थायरॉइड कमी असेल तर पण तोंड आणि पापण्या सुजल्यासारख्या राहतात, सोबत वजन वाढतं, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ, केस गळतात. टीएसएच म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. आणि डोळ्याभोवती काळं असून मानेवर, काखेत पण मखमली काळं जाड झालं असेल तर ते मळ नाही, घासू नका, शुगर तपासा. इन्सुलिन नीट काम करत नसलं की असं होतं.

एकाच डोळ्याला सूज, लाल, दुखतंय, ताप आहे, नजर अंधुक झालीय किंवा डोळा हलवला की दुखतं, यात डोळ्याच्या डॉक्टरांकडं लगेच जायचं, रात्र असली तरी.

सासूबाई काचबिंदूचे थेंब घालतात, त्यांच्या डोळ्याभोवती काळं वाढलंय.

लॅटानोप्रोस्ट, बिमाटोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट या थेंबांनी होतं असं. थेंब मनानं बंद करू नका, नजर जास्त महत्त्वाची आहे. घातल्यावर पापणीवर ओघळलेला थेंब लगेच टिपून घ्यायचा, आणि डॉक्टरांना सांगायचं, हवं तर ते बदलून देतात.

मग क्रीम घ्यायचीच नाही का? कुठली चांगली?

घ्या की, पण ट्यूबच्या मागं आत काय आहे ते वाचून. तपकिरी पिगमेंट असेल तर पहिलं औषध सनस्क्रीन, यावर मी ठाम आहे. ऊन लागत राहिलं तर बाकी काहीही लावलं तरी रंग परत येतो. एसपीएफ 30 किंवा जास्त, ब्रॉड स्पेक्ट्रम म्हणजे उन्हातल्या दोन्ही प्रकारच्या अतिनील किरणांपासून वाचवणारी, आणि डोळ्याभोवती झिंक ऑक्साइडवाली कमी चुरचुरते. टिंटेड म्हणजे रंग असलेली मिळाली तर अजून बरं, तिच्यातलं आयर्न ऑक्साइड साध्या उजेडापासून पण वाचवतं. गाडीवर फिरणाऱ्यांनी गॉगल आणि स्कार्फ सोडू नका, एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा वाजता सांगली-मिरज रोडवर काय ऊन असतं ते तुम्हाला माहितीय.

त्यानंतर नियासिनमाइड, व्हिटॅमिन सी, कोजिक ॲसिड अशा घटकांची क्रीम चालते. बारीक सुरकुत्या असतील तर रेटिनॉल, पण अगदी कमी ताकदीचं, आठवड्यातनं दोन रात्री, पापणीच्या कडेला चिकटून लावायचं नाही, डोळ्याखालच्या हाडावर लावायचं. सूज आणि निळसरपणाला कॅफिनवाली क्रीम थोडी मदत करते, काही तासांपुरती. पिगमेंटला किमान दोन-तीन महिने द्या, सात दिवसांत गोरं करतो म्हणणाऱ्याकडनं काही घेऊ नका. लावायचं मटारच्या दाण्याएवढं, दोन्ही डोळ्यांना मिळून. जास्त थापलं, तेलकट जाड क्रीम लावली की बारीक पांढरे कण येतात.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यांना चालणारं म्हणजे साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर. कोरडी कातडी काळी दिसते, ओलावा मिळाला की थोडा उजळपणा लगेच येतो.

मैत्रिणीनं एक क्रीम दिलीय, आठ दिवसांत चेहरा एकदम गोरा झाला, तीच डोळ्याखाली लावू का?

नको. नको. हा एकच प्रश्न सगळ्यांनी वाचावा असं मला मनापासनं वाटतं.

आठ दिवसांत गोरं करणाऱ्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. ट्यूबवर बारीक अक्षरात बघा, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड. हे औषध वाईट नाही, एक्झिमाला म्हणजे इसबाला डॉक्टर मोजून काही दिवस देतात आणि ते लागतंच. पण फेअरनेस क्रीम म्हणून महिनोन्महिने तोंडाला फासलं की कातडी अजून पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पिंपल्स येतात, गालावर केस येतात, आणि बंद केलं की आग आग होते म्हणून माणूस परत लावतो. डोळ्याजवळ तर अजून धोका, मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही होऊ शकतात.

एक ताई आल्या होत्या, पर्समधनं ट्यूब काढून काउंटरवर ठेवली, दाबून दाबून चपटी झालेली, शेवटाकडनं गुंडाळत आणलेली, टोपणाला वाळलेलं क्रीम. "हीच द्या, दुसरी नको." स्कार्फ सोडला तर दोन्ही गाल लालभडक, डोळ्याखाली शिरांचं जाळं, आणि आमच्या दुकानातल्या ट्यूबलाइटनं पण झोंबतंय म्हणत होत्या. डोळ्याखालचं काळं घालवायला म्हणून चालू केलं होतं, कुठल्या तरी मेडिकलमधनं चिठ्ठी न बघता मिळत गेली आणि त्या घेत गेल्या. मी दिली नाही, समजावून स्किनच्या डॉक्टरांकडं पाठवलं. रागावून गेल्या, पण गेल्या डॉक्टरांकडं.

2018 साली सरकारनं अशा स्टेरॉइडच्या बऱ्याच मलमांना चिठ्ठीची सक्ती केली. तरी मिळतात, हे मला माझ्याच धंद्यातल्या लोकांबद्दल लिहावं लागतंय आणि लिहिताना वाईट वाटतं. तुम्ही आधीच बरेच दिवस लावत असाल तर मनानं एकदम थांबवू नका, भडकतं, डॉक्टरांना ट्यूब दाखवून त्यांच्या सांगण्यानं बंद करा.

आणि ज्या डबीवर कंपनीचा पत्ता नाही, घटक लिहिलेले नाहीत, ती तर हातात पण घेऊ नका. अशा काही क्रीममध्ये पारा सापडलाय, आणि पाऱ्यानं किडनी खराब झाल्याच्या केसेस आपल्या देशात झाल्यात. म्हणजे डोळ्याखालचं काळं घालवायला लावायचं आणि किडनी बिघडून डोळे सुजवून घ्यायचे.

हळद? आपल्याकडं तर घरोघरी चांगली हळद आहे.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, अभिमान आहेच, पण ती पोटात जाऊ दे, डोळ्याखालच्या काळ्यावर लावू नका. चेहऱ्याला बेसन-साय-हळद लावणं बऱ्याच जणींना चालतं, डोळ्याभोवती मात्र पिवळं बसतं, वाळल्यावर खरवडून काढताना कातडी ओढली जाते, आणि काहींना हळदीची पण ॲलर्जी असते.

काकडी, बटाट्याची चकती, गार चहाची पुडी लावा बिनधास्त, गारव्यानं सूज उतरते, रंग मात्र जात नाही. बदाम तेलाचा एक थेंब चालतो, दाबून मसाज करायचा नाही. लिंबू अजिबात नाही, लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजून आणखी काळी होते. टूथपेस्ट, खायचा सोडा, व्हिक्स, हे लोक खरंच लावतात म्हणून लिहितेय : नाही.

काजळानं काळं होतं का?

काजळ रात्री न पुसता झोपलं तर ते उतरून खालच्या कातडीत बसतं, आणि सकाळी खसाखसा घासून काढलं की त्या घासण्यानं पण काळं होतं. खोबरेल तेलाचा बोळा पापणीवर अर्धा मिनिट ठेवा, मग हलकेच पुसा. बाळाला काजळ घालू नका, आजी कितीही म्हणू देत, काही काजळांत शिसं असतं.

मोबाइल आणि पाणी कमी पिणं?

मोबाइलच्या उजेडानं डोळ्याखाली काळं होतं असं काही नाही, पण रात्री दीडपर्यंत बघितलं तर झोप जाते आणि डोळे चोळले जातात. पाणी तहानेप्रमाणे प्या, चार लिटर पिऊन वर्तुळं जात नाहीत.

कुपवाडला एमआयडीसीत नाइट शिफ्ट आहे, माझं काय?

दादा, तुमचं वेळापत्रक मी बदलू शकत नाही, पण दिवसा झोपताना खोलीला जाड पडदा, मोबाइल बाहेर आणि घरच्यांना दार न वाजवण्याची ताकीद, एवढं करा. शिफ्ट संपायच्या आधी चार-पाच तास चहा बंद. तंबाखू सिगारेट सोडायला हे पण एक कारण धरा, सिगारेटनं कातडीचा ताण जातो आणि डोळ्याखाली आधी दिसतं.

दिवस गेलेत, काही लावू का?

सनस्क्रीन आणि साधं मॉइश्चरायझर. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन असलेल्या क्रीम बंद. नियासिनमाइड, व्हिटॅमिन सी साधारण चालतं, तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि गरोदरपणात अचानक तोंड-हात सुजले, डोकं दुखतंय, डोळ्यापुढं चमकतंय तर बीपी तपासायला त्याच दिवशी जा.

लेझर, फिलर, ऑपरेशन याचं काय?

पिगमेंटसाठी केमिकल पील म्हणजे औषध लावून वरची कातडी सोलणं, आणि लेझर, पाच-सहा बैठका लागू शकतात, आणि आपल्या रंगाच्या कातडीवर जोरात मारलं तर उलट काळं पडतं, त्यामुळं करणारा हात महत्त्वाचा. खळगा असेल तर फिलर, म्हणजे तो भरून काढणारं इंजेक्शन, ते कायमचं नसतं. चुकून रक्तवाहिनीत गेलं तर नजर जाण्याचा धोका आहे, दुर्मिळ आहे पण आहे. म्हणून पार्लरमध्ये, कुठल्याही ऑफरमध्ये, डोळ्याजवळ सुई टोचून घ्यायची नाही. चरबीच्या पिशवीसाठी पापणीचं ऑपरेशन असतं, ब्लेफरोप्लास्टी, ते प्लास्टिक सर्जन किंवा पापण्यांचं काम करणारे डोळ्याचे सर्जन करतात. आधी विचारून घ्या : माझ्यात नक्की काय दोष आहे, किती टक्के फरक पडेल, बिघडलं तर तुम्ही काय करणार. तिसऱ्या प्रश्नाला जो नीट उत्तर देतो त्याच्याकडं जा.

कुठल्या डॉक्टरकडं जायचं? खर्च झेपत नाही.

रंगासाठी स्किनचे डॉक्टर, स्किनची एमडी किंवा डीव्हीडी (त्वचारोगाचा डिप्लोमा) अशी डिग्री बोर्डवर बघा. सूज सोबत बाकी लक्षणं असतील तर आधी फिजिशियन, मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ. मिरजेला तर 1894 पासून मिशन हॉस्पिटलमुळं लांबून लांबून लोक उपचाराला येत आलेत, डॉक्टरांची वाण आपल्याकडं नाही. पैशाची अडचण असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना आहे, मिरजेत आणि सांगलीत सिव्हिलला. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, गर्दी असते. आणि जाताना आत्तापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, लाजू नका.

ताई, लग्न पंधरा दिवसांवर आलंय, काहीतरी सांगाच.

पंधरा दिवसांत रंग बदलणार नाही, सूज आणि थकवा मात्र उतरतो. आजपासून नवीन क्रीम, नवीन फेशियल, नवीन डाय काहीच चालू करायचं नाही, हळदीच्या दिवशी तोंड सुजलं तर निस्तरायला वेळ नसतो. डाय लावायचाच असेल तर नेहमीचाच, तो पण आठवडाभर आधी. रोज सनस्क्रीन, रात्री साधं मॉइश्चरायझर, रात्रीचं जेवण आठपर्यंत, पापड-लोणचं बंद. खरेदीला दुपारी बाहेर पडू नका, पडलात तर गॉगल. शेवटच्या तीन रात्री पाहुणे कितीही जमलेले असले तरी अकराला झोपायचं, हे आईकडनं कबूल करून घ्या. त्या दिवशी सकाळी गार कापड दहा मिनिटं, मग मेकअपवालीला सांगा की आधी पीच किंवा नारिंगी करेक्टर आणि त्याच्यावर कन्सीलर, अगदी पातळ. निळसर काळ्यावर थेट पांढरट कन्सीलर लावला की फोटोत राखेसारखं दिसतं. ट्रायल एक आठवडा आधी, दिवसाच्या उजेडात घ्या, आणि डोळ्याला चुरचुरलं तर ती वस्तू त्या दिवशी वापरू देऊ नका.